नव्वद दिवसांची हजेरी

मामी ओठांच्या कोपऱ्यात टाचण्या धरून बोलायची. गणवेश विकणाऱ्या एका दुकानाचं दुरुस्तीचं काम तिच्याकडे यायचं. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, काज-बटणं. दारातून आत आलं की आधी निळ्या स्कर्टांचा ढीग दिसायचा, मग शिलाई मशीन आणि सगळ्यात शेवटी मामी.

"बस. त्या ढिगावर नको, इस्त्री केलाय. जेवलीस? नसशील जेवलेली, तोंडच सांगतंय."

एवढं सगळं चार टाचण्या सांभाळून. त्या वर्षी मी त्यांच्याकडेच राहायला होते, त्यामुळे पुढचं जे सांगतेय ते बरंचसं डोळ्यांदेखतचं आहे.

मामा लोखंडी पत्र्याच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. छपराखालच्या रुळांवरून सरकणारी क्रेन, आणि तिला टांगलेली काचेची खोली, चाळीस फूट उंचीवर. तिथे बसून बारा-बारा टनांची पत्र्याची गुंडाळी उचलायची आणि ट्रकवर अलगद टेकवायची. खालची माणसं त्याला घार म्हणायची. वर आवाज पोचत नाही, म्हणून खाली एक खुणेवाला उभा असतो आणि हातांनी सांगतो. मूठ वळली की थांब. बोट खाली करून गोल फिरवलं की उतरव. सव्वीस वर्षं मामानं माणसांपेक्षा हातच जास्त पाहिले होते. घरातही तेच. मामी वाढायला आली की हा ताटावर मूठ धरायचा. मामी बोट गोल फिरवून आणखी एक डाव वाढायची.

"थांब म्हटलं ना."

"खुणेवाला कोण आहे इथे? मी. गपचूप खा."

ट्रक रात्री भरले जायचे, म्हणून मामाची कायमची रात्रपाळी. सकाळी सातला घरी, आठला खिडकीवर दुहेरी पडदा, तीनपर्यंत झोप. आणि ते घोरणं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा जिन्यात म्हणाले, "काय वहिनी, वर ट्रॅक्टर घेतलात वाटतं?"

"घेतलाय. आठ ते तीन चालतो. हवा असेल तर घेऊन जा."

पण ते घोरणं मध्येच तुटायचं. तुटलं की मामीचा पाय मशीनच्या पायडलवर थबकायचा. शिलाई थांबायची, ती मान वर करून नुसती ऐकत बसायची. मी काही बोलायला गेले तर हात वर. मग आतून घुसमटल्यासारखा एक हुंदका यायचा, घोरणं पुन्हा सुरू व्हायचं, आणि मामीचं मशीनही.

"किती वेळ गेला?" मी एकदा विचारलं.

"सत्तावीस. काल एकदा चाळीसपर्यंत मोजलं." तिनं दोरा तोडला. "तेव्हा उठून हलवलंच मी."

कारखान्याच्या वार्षिक तपासणीत मामाचा रक्तदाब एकशे अठ्ठावन्न निघाला, खालचा अठ्ठ्याण्णव. तीन प्रकारच्या गोळ्या चालू असताना. कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याला झोपेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे अंगभर तारा लावून त्याला झोपवलं, आणि आकडा निघाला: तासाला एक्केचाळीस वेळा श्वास अडतो.

झोपेच्या डॉक्टर बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवून बोलायच्या. "घसा आतून मिटतो. श्वास अडला की शरीर घाबरतं. हृदय धावत सुटतं, नसा आवळतात. असं झोपभर. मग गोळ्या तरी किती पुरणार?"

"म्हणजे मी झोपेतही पाळी करतोय," मामा म्हणाला.

"हो. आणि ती पाळी बंद करायची आहे. हे यंत्र हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतं. रक्तदाब उतरण्याची चांगली आशा आहे. पण झोपलात की नाकावर हे हवंच, पूर्ण वेळ."

कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं अट घातली. सलग नव्वद दिवस, रोज किमान चार तास यंत्र लावल्याचा अहवाल, आणि शेवटी दाब एकशे चाळीसच्या आत. तोवर दर आठवड्याला तपासून काम करू देऊ. जमलं नाही तर घार खाली. खाली म्हणजे गोदामात चिठ्ठ्या चिकटवायला.

त्या दिवशी मामा जेवला नाही. नुसतं एवढंच म्हणाला, "खालून वर बघत बसायला मला जमायचं नाही."

यंत्र आलं. मामीच्या शिवणाच्या डब्याएवढं, राखाडी. त्यातून सहा फुटांची नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मुखवटा, डोक्यामागून पट्टे. शिकवायला आलेली तंत्रज्ञ मुलगी मामाला काका म्हणाली आणि जागं झाल्यावर पडद्यावर तास कसे बघायचे ते दाखवून गेली.

मामा आज्ञाधारक. आठच्या ठोक्याला मुखवटा बांधायचा, पालथा पंजा उंचावून 'सगळं ठीक' अशी खूण करायचा आणि झोपायचा. पण तासाभरात त्याचे हातच तो ओढून काढायचे. तो झोपलेलाच असायचा, हात मात्र जागे. मुखवटा उशीवर पडून फुसफुसत राहायचा.

एक तास दहा मिनिटं. पन्नास मिनिटं. एक तास पाच.

"आजही नापास," तीनला उठून पडदा बघत तो म्हणायचा. परीक्षेत खाली मान घालून बसलेल्या पोरासारखा.

"का काढता हो?"

"मी काढत नाही गं. निघतो."

मामीला कारण माहीत होतं. मामाची आई शेवटचे अकरा दिवस असाच मुखवटा लावून होती. ती ओढून काढायची, आणि हा पुन्हा लावायचा, हात धरून ठेवायचा. "तोच रबराचा वास येतो त्यांना," मामी मला म्हणाली. "बोलणार नाहीत, पण मला कळतं."

सुरुवातीला मामी त्याला उठवून मुखवटा परत बांधायची. तो दचकून जागा व्हायचा आणि मग छताकडे बघत पडायचा. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी खुणेवाल्याचा फोन आला. हा माणूस अठरा वर्षं मामाच्या खाली उभा राहिलेला.

"वहिनी, एक सांगू? राग मानू नका. काल गुंडाळी ट्रकच्या कडेला घासली. घारीच्या हातून असं कधी होत नाही. त्याला झोपू द्या हो. वर डोळा लागला, तर खाली मी असतो."

फोन ठेवून मामी बराच वेळ स्कर्टाची एकच शिवण उसवत बसली. उठवावं तर झोप जाते, न उठवावं तर तास जातात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आले तेव्हा मशीनचा आवाज नव्हता. आत डोकावले. मामा कुशीवर, तोंड उघडं, घोरतोय. पलंगाला टेकून जमिनीवर मामी बसलेली. नाकावर मुखवटा, डोक्यामागे पट्टे, मांडीवर निळी पँट. हातशिलाई चालली होती. नळी पुरावी म्हणून ती पलंगाला अगदी खेटून होती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं मूठ वळून दाखवली. थांब.

तीनला दहा कमी असताना तिनं मुखवटा काढला, पुसला आणि मामाच्या उशीवर, त्याच्या गालाला लागेल असा ठेवला. मग स्वयंपाकघरात आली. नाकावर दोन्ही बाजूंना लाल वळ होते.

"मामी, हे काय चाललंय?"

"हळू बोल. काल मुखवटा फुसफुस करत पडला होता, आवाजानं हे उठतील म्हणून मी नाकावर धरला. बघते तर तास पुढे सरकतायत."

"पण श्वास तुझा आहे."

"यंत्राला काय कळतंय कुणाचा? त्याला हजेरी हवी. शाळेला गणवेश मोजून दिले की झालं, कुठल्या पोराच्या अंगात गेले ते दुकानदार विचारतो का?" तिनं चहाचं आधण ठेवलं. "कारखान्याला कागद हवाय, कागद मिळेल. दाबाचं गोळ्या बघतील. चार-चार तर घेतायत."

"तीन."

"तीनच सही. झोप तरी पुरी होते त्यांची."

तेवढ्यात आतून मामाची हाक आली. आवाज वेगळाच. "अगं ए, इकडे ये. बघ तर."

पडद्यावर सहा तास पन्नास मिनिटं. मामा पलंगावर मांडी घालून बसला होता, केस उभे, चेहऱ्यावर हसू. "काढलाच नाही मी. बघ, काढलाच नाही. जमलं."

मामी दारात उभी होती. सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. ती नंतर मला कितीदा तरी म्हणाली, तो एक क्षण होता. पण कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता.

"बघू," ती म्हणाली. "अगंबाई, खरंच की."

मग रोजचंच झालं. पहिला तास मामाचा, उरलेले मामीचे. तिनं मशीनची कामं संध्याकाळवर ढकलली आणि हातशिलाई दिवसावर आणली. सहा फुटांच्या आत मावेल तेवढंच काम ती घ्यायची. कुणी दार वाजवलं तर मी उघडायचे आणि मामी आंघोळीला गेलीय म्हणायचे. मी काही कमी खोटी ठरले नाही.

मामा मात्र सुटला होता. जिन्यात खालच्या गृहस्थांना गाठून सांगायचा, "काल सहा तास पंचावन्न. तंत्रज्ञ म्हणते, नव्या माणसाला इतकं जमत नाही."

"पण ट्रॅक्टर तर चालू असतो तुमचा," ते म्हणाले.

"ते यंत्र आहे. हवेचा आवाज."

महिन्याभरानं डॉक्टरबाईंकडे आम्ही तिघं गेलो. तंत्रज्ञ मुलीनं अहवाल काढला आणि चक्क टाळी वाजवली. "काका, तुमच्यासारखा पेशंट नाही. श्वास अडण्याचं प्रमाण तासाला दोनवर आलंय."

मामानं आमच्याकडे वळून पाहिलं, छाती फुगवून.

डॉक्टरबाईंनी दाब घेतला. एकशे साठ. थांबून पुन्हा घेतला. एकशे बासष्ट.

"आश्चर्य आहे," त्या म्हणाल्या. चष्मा खाली आला. "अहवाल तर चोख आहे. म्हणजे तुमचा दाब झोपेमुळे नसावा. मूत्रपिंडं तपासू. एक गोळी वाढवते."

मामीनं माझा हात धरला. तिचा तळवा ओला होता.

बाहेर आल्यावर मामा पाणी प्यायला गेला, तेव्हा मी म्हटलं, "मामी, सांग त्यांना. त्या भलतीकडे शोधतायत."

"कळलं मला. मूर्ख नाहीये मी."

"मग?"

"ते शेजारी बसलेले असताना सांगू? त्या पोरीनं टाळी वाजवलीय." ती ओढणीच्या टोकानं तळवे पुसत होती. "आणि सांगितलं की आजपर्यंतचे दिवस पुसले जाणार, लगेच खाली उतरवणार त्यांना. नव्वद होऊ देत, नव्या गोळीनं दाबही उतरेल तोवर. कागद हातात आला की मी एकटी येऊन सांगते बाईंना. शपथ."

मूत्रपिंडं चांगली निघाली. हृदयाची तपासणी झाली, तीही बरी. गोळी आणखी एक वाढली. आठवड्याच्या तपासणीत आकडा तिथेच, कधी दोन वर, कधी दोन खाली, पण अहवाल चोख म्हणून कारखाना त्याला वर जाऊ देत होता. मामी पलंगाशी बसून दिवस मोजत होती. घोरणं तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर तुटायचं आणि ती, स्वतःच्या नाकावर हवा घेत, मोजायची. मी पाहिलंय. ओठ हलायचे तिचे.

त्र्याऐंशीव्या दिवशी पहाटे मामा वरच होता. काय झालं ते खुणेवाल्यानं इस्पितळाच्या बाकावर बसून सांगितलं. हातमोजे अजून त्याच्या हातात होते.

"शेवटची गुंडाळी होती, वहिनी. ट्रकवर आणली, मी उतरव म्हणालो. तर ती थांबली. मी पुन्हा बोट फिरवलं. मग हलली, पण अशी... इंच-इंच. मला वाटलं चिडला काय माझ्यावर. टेकवली. अगदी मधोमध. क्रेनचा आकडा सोडवला आम्ही. तरी तो उतरेना. वर गेलो तर डावा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला. उजव्या हातानं एकट्यानं चालवली त्यानं." त्यानं हातमोजे पिळले. "खाली चारजण होते. टाकली असती तर."

मामी ऐकत होती. टाचणीसारखी सरळ बसून.

मेंदूत रक्तस्राव झाला होता, थोडा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. "यंत्र मागवून घ्या. इथेही लावू. त्यांना सवय आहेच."

"सवय नाही त्यांना," मामी म्हणाली.

"म्हणजे?"

"पहिला तास त्यांचा असायचा. बाकी मी लावायचे."

बाईंना आधी समजलंच नाही. मामीनं पुन्हा सांगितलं, सावकाश, पत्ता सांगावा तसं. हातशिलाई, नळी, उशी, सगळं. बाई भिंतीला टेकल्या.

"म्हणजे तो अहवाल तुमच्या श्वासाचा."

"हो."

"आणि मी त्याच्यावर गोळ्या वाढवत गेले."

"हो. मला वाटलं ते हजेरीपुरतं असतं." मग मामीनं तो प्रश्न विचारला. "नीट लावला असता, तर हे झालं नसतं ना?"

बाई भिंतीपासून सरळ झाल्या. "हमखास सांगता येत नाही. काहींचा दाब बराच उतरतो, काहींचा थोडासाच. मला माहीत असतं, तर दुसरा मुखवटा दिला असता, हळूहळू सवय लावली असती. पण झालंच नसतं, असं मी म्हणू शकत नाही."

"आणि झालं असतं, असंही?"

"तेही नाही."

मामीनं मान डोलावली. हो किंवा नाही, दोन्हींपैकी काही मिळालं असतं तर तिला त्यावर उभं राहता आलं असतं.

सहा आठवड्यांनी मामा घरी आला. बोलणं जड, डावा पाय ओढत. आल्या आल्या म्हणाला, "नव्वद व्हायला सातच राहिले होते."

मामीनं त्याच्यासमोर स्टूल ओढलं आणि सांगून टाकलं. मी दारातच होते. तिचं संपल्यावर तो तिच्या नाकाकडे बघत राहिला, जिथे वळ कधीच विरून गेले होते.

"एकही दिवस नाही?"

"पहिला तास तुमचाच होता रोज."

"पहिला तास."

"हो."

"मी सगळ्यांना सांगत फिरलो. खालच्यांना, खुणेवाल्याला." त्यानं चांगल्या हातानं तोंड पुसलं. "तू ऐकत होतीस."

तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ताट यायचं, तो जेवायचा, मूठ नाही आणि काही नाही. चौथ्या दिवशी त्यानं बाईंनी दिलेला नवा मुखवटा उचलला. छोटा, फक्त नाकपुड्यांना टेकणारा.

"ह्याला वास नाही," तो म्हणाला. "मी काढला तर उठव. शिव्या दिल्या तरी उठव. आता कुठे जायचंय मला रात्री."

ती उठवायची, तो शिव्या द्यायचा, ती परत बांधायची. आता तो माणसांसारखा रात्री झोपायचा आणि मामी जागी राहायची. दोन आठवड्यांत हात शांत झाले. महिन्याभरानं पडद्यावर पाच तास आले. त्यानं कुणाला सांगितलं नाही.

तपासणीला पुन्हा आम्ही तिघं गेलो. नर्सनं पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. "एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी."

"पुन्हा बघता?" मामी म्हणाली.

नर्सनं पुन्हा बांधला. "एकशे तीस. छान आहे की."

"एकशे तीस," मामा म्हणाला. ह्या आकड्यावर त्याला वर बसू दिलं असतं. नर्स पट्टा गुंडाळत होती. मामी भिंतीकडे वळली आणि तिचे खांदे हलायला लागले, आवाज न करता.

"रडतेस काय?" मामा अडखळत म्हणाला. "उतरलाय."

"म्हणूनच," मामी म्हणाली.

त्यानं उठायला चांगला हात पुढे केला. ती तसेच ओले डोळे घेऊन आली, त्याच्या काखेत खांदा घातला, आणि नर्सनं बाहेरच्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.